नव्या फ्लॅटचा भाव समोरच्या जुन्या सोसायटीला विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे महापालिकेत अलीकडे आलेल्या एका गावात टू बीएचके बघितलाय, काम सुरू आहे, ताबा तीन वर्षांनी. सेल्स ऑफिसात सांगितलं १,०२० स्क्वेअर फूट, दर ६,६६७, ॲग्रीमेंट ६८ लाखांचं. रस्त्यापलीकडच्या दहा वर्षं जुन्या सोसायटीत तेवढाच फ्लॅट ५२ लाखांना मिळतोय, पण घरच्यांना नवंच हवंय. सध्या दोघं नवरा-बायको त्याच भागात २१,००० रुपये भाड्याने राहतात. शेजारून रिंगरोड जाणार आहे असं सांगितलं गेलंय आणि एक तारखेपासून भाव वाढणार म्हणून रविवारी टोकन द्यायचा आग्रह चाललाय. हा भाव रास्त आहे का?

माझं उत्तर आधीच सांगतो. तुम्ही दिलेले आकडे खरे धरले तर हा फ्लॅट नऊ ते बारा लाखांनी महाग आहे. मी मूल्यांकनाचं काम करतो, बँकांसाठी, वाटण्यांसाठी, कोर्टातल्या दाव्यांसाठी. त्या सवयीने हा आकडा कसा काढला ते खाली मांडतो. तुमच्याकडे यापेक्षा पक्की माहिती असेल तर ती घालून हाच हिशेब पुन्हा करा.

पहिल्यांदा तो ६,६६७ चा दर डोक्यातून काढून टाका. ६८ लाखांना १,०२० ने भागलं की तो येतो, आणि हे १,०२० म्हणजे 'सेलेबल'. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस सगळ्याचा वाटा मिसळलेला असतो. हा वाटा किती धरायचा याला काही नियम नाही, बिल्डर धरेल तो. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आल्यापासून विक्री कार्पेटवर (घराच्या आतल्या क्षेत्रफळावर) करायची आहे, ॲग्रीमेंटमध्येही कार्पेटच लिहिलं जातं, पण तोंडी बोलणं अजून सेलेबलवरच चालतं, कारण त्यात दर कमी ऐकू येतो. तुम्ही पाठवलेल्या प्लॅनवर रेरा कार्पेट ६६० आहे, बाल्कनी ६० आणि ड्राय बाल्कनी २५. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी धरत नाहीत. ब्रोशरवर 'युजेबल कार्पेट ७४५' असं लिहिलेलं असतं ते या तिन्हींची बेरीज करून. बाल्कनीला किंमत नाही असं मी म्हणत नाही, पण दोन फ्लॅटची तुलना करताना दोन्हीकडे एकच माप हवं, आणि ते ६६०.

आता पैसे. ॲग्रीमेंट ६८ लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४,७६,०००. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न बसणाऱ्या घराला जीएसटी ५ टक्के, ३,४०,०००. तुमचा फ्लॅट ४५ लाखांच्या वर असल्याने १ टक्क्याची सवलत विसरा. मग कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतात ते 'अदर चार्जेस': इन्फ्रा, मीटर, सोसायटी स्थापना, लीगल, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स. त्यावरचा जीएसटी धरून ३ लाख समजू, तुमच्या कागदावर असेल तो आकडा टाका. एकूण झाले ७९,४६,०००. भागिले ६६०, दर पडतो १२,०३९. सेल्स ऑफिसातल्या दराच्या पावणेदोन पटीहून जास्त. यात कोणी खोटं बोललेलं नाही, फक्त भाजक मोठा आणि भाज्य लहान ठेवलंय. (घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, इथे ६८,०००. कर्ज दोघांचं असलं तरी मालकी एकटीची ठेवता येते का ते बँकेला विचारा. बरेच लोक न विचारताच ही सूट सोडून देतात.)

हाच हिशेब रस्त्यापलीकडच्या सोसायटीचा करा. ५२ लाख, ७ टक्के शुल्क ३,६४,०००, नोंदणी ३०,०००, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५,००० (त्याहून जास्त प्रीमियम घेता येत नाही, 'डोनेशन' म्हणून मागितलं तरी), एजंटचा १ टक्का ५२,०००. जीएसटी नाही. रंग, प्लंबिंग, बाथरूम, थोडं वायरिंग यांना ३ लाख. झाले ५९,७१,०००. कार्पेट ६५० धरलं तर दर ९,१८६.

फरक १९,७५,००० चा. नवं घर घेताना विचारायचा खरा प्रश्न हा की या पावणेवीस लाखांत आपण नक्की काय विकत घेतोय. त्याच रस्त्यावर, त्याच पाण्यावर, त्याच शाळेच्या आणि त्याच ट्रॅफिकच्या अंतरावर दहा वर्षांपूर्वीचं घर उभं आहे. जागेची किंमत दोघांनाही सारखीच लागू. म्हणजे फरकात उरतं ते इमारतीचं नवेपण, सोयी, आणि पुढे येणार म्हणून सांगितलेल्या गोष्टी.

नवेपणाची किंमत काढता येते. आरसीसी इमारतीचं आयुष्य आम्ही साधारण ६० वर्षं धरतो, म्हणजे बांधकामाच्या किमतीत वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास घट. घट बांधकामाची होते, जमिनीची नाही, हे लक्षात ठेवा. जिना-लॉबीचा वाटा धरून हा फ्लॅट आज नव्याने बांधायला ३० लाख लागतात असं समजा. दहा वर्षांचे १५ टक्के, साडेचार लाख. दहा फूट कार्पेट जास्त आहे त्याचे नव्वद हजार. नवी लिफ्ट, बरं पार्किंग, बांधकामात दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरने दुरुस्त करून द्यायची रेरातली जबाबदारी, यांना मी अडीच लाख देईन. पोहायच्या तलावाला काहीही देणार नाही. त्याचा खर्च पुढे दर महिन्याला तुम्हीच मेंटेनन्समधून भरणार आहात, आणि मेंटेनन्स वाढला की भाडेकरू आणि पुढचा गिऱ्हाईक दोघंही भाव पाडून मागतात. बेरीज साधारण आठ लाख. उरतात जवळपास बारा लाख.

हे बारा लाख आश्वासनांचे आहेत. जुन्या घरांच्या काही व्यवहारांत थोडी रक्कम रोखीत फिरते, त्यामुळे समोरचा ५२ चा भाव प्रत्यक्षात ५४-५५ असू शकतो. ती शक्यता धरली तर उरतात नऊ. म्हणून मी नऊ ते बारा म्हणालो. यात तुम्ही तीन वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही भरणार आहात ते अजून धरलेलंच नाही. २१,००० चे छत्तीस महिने म्हणजे ७,५६,०००. समोरच्या सोसायटीत दोन महिन्यांत राहायला गेलात तर यातले बरेचसे वाचतात. त्याबदल्यात बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे देत असल्याने सगळी रक्कम आज अडकत नाही, हे नव्याच्या बाजूने धरायला हवं. दोन्हींची वजाबाकी करूनही चालू बांधकामातला फ्लॅट तयार फ्लॅटपेक्षा स्वस्त असायला हवा. इथे तो महाग आहे.

तुम्ही म्हणाल, समोरचा भाव ५२ च हे कशावरून? एजंटने सांगितलं म्हणून धरू नका, दस्त बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, मोफत आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडून गट नंबर किंवा सर्व्हे नंबर टाकायचा. नव्या प्रकल्पाचा नंबर महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर मिळतो, जुन्या सोसायटीचा तिच्या सेक्रेटरीकडे. मग दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन उघडता येते, जिला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात. संकेतस्थळ मधूनच रुसतं, कॅप्चा तीनदा भरावा लागतो, पण तासाभरात तुमच्याकडे त्या गटातले गेल्या दोन वर्षांतले खरे व्यवहार येतात. इंडेक्स टूमध्ये 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन रकाने असतात. मोबदला म्हणजे ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारने धरलेली. या 'बाजारभाव' शब्दाने लोक फसतात. तो बाजारातला भाव नव्हे, शुल्क आकारण्यासाठीचा आकडा आहे. तुम्हाला हवा तो मोबदला.

नव्या प्रकल्पाचे इंडेक्स टू वाचताना दोन गोष्टी सांभाळा. आज नोंदलेल्या दस्तातला भाव कधीकधी वर्षभरापूर्वी बुकिंगच्या वेळी ठरलेला असतो. आणि सुरुवातीला एकगठ्ठा घेतलेल्या लोकांचे भाव फारच खालचे दिसतात, ते तुम्हाला मिळणार नाहीत. तरी एवढं कळतं की त्याच मजल्यावरचा, त्याच मापाचा फ्लॅट कोणाला ५९ ला पडलाय आणि कोणाला ६७ ला. सेल्स ऑफिसात बसून हे आकडे नुसते वाचून दाखवले तरी बोलण्याचा सूर बदलतो.

त्याहून कमी लोक बघतात तो कागद म्हणजे महारेराकडे सादर होणारा फॉर्म ३, सीएचं प्रमाणपत्र. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि कामाच्या प्रमाणातच काढायचे असा कायदा आहे, त्यासाठी हे प्रमाणपत्र लागतं. त्याच्या जोडपत्रात विकलेल्या फ्लॅटची यादी असते: फ्लॅट नंबर, कार्पेट, करारातली किंमत, आलेली रक्कम, येणं बाकी. खाली न विकलेल्यांची यादी. प्रकल्पाच्या पानावर हा फॉर्म सापडला तर शांतपणे वाचा. करारातली किंमत भागिले कार्पेट, असं दहा-बारा ओळींचं करून बघा. विक्रीचा वेग कळतो, सरासरी दर कळतो, आणि 'शेवटचे चारच शिल्लक' म्हणणाऱ्याकडे खरोखर किती शिल्लक आहेत तेही कळतं.

हा शिल्लक आकडा माझ्या मते उपनगरातल्या किमतीत सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. शहराच्या मध्यात मोकळी जमीन संपलेली असते, म्हणून तिथल्या घराला टंचाईची किंमत मिळते. बाहेर तसं नाही. तुमच्या बिल्डिंगमागे शेत आहे, त्याच्यामागे अजून शेत आहे. टाऊनशिप असेल तर त्याच बिल्डरचा फेज २, फेज ३ मंजूर लेआउटमध्ये आखलेला असतो. पाच वर्षांनी तुम्हाला घर विकायचं झालं तर तुमचा स्पर्धक म्हणजे तोच बिल्डर. त्याच्याकडे नवा कोरा सॅम्पल फ्लॅट, जाहिरातीचं बजेट, बँकेचे लोक ऑफिसात बसलेले, आणि शुल्क-जीएसटीच्या सवलती. तुमच्याकडे भिंतीला टेकून ठेवलेली मुलाची सायकल आणि रविवारी दोन तास घर दाखवायची तयारी. त्याची विक्री संपेपर्यंत तुमच्या घराचा भाव त्याच्या भावाच्या खालीच राहतो. म्हणून मंजूर लेआउट मागा आणि त्यात अजून किती इमारती उभ्या राहायच्या आहेत ते मोजा. ब्रोशरमधली हिरवी जागा लेआउटवर 'भविष्यातील विकास' म्हणून दाखवली असेल तर ती बाग नव्हे, पुढचा टॉवर आहे.

समोरच्या सोसायटीचं वय दहा वर्षं आहे याचा आणखी एक उपयोग. २०१५-१६ च्या सुमाराला ती नवी असताना काय भावाने गेली होती, ते इंडेक्स टूमध्ये निघेल. आजचा ५२ चा भाव आणि तेव्हाचा भाव, शुल्क, कर, चार्जेस सगळं धरून तुलना करा. वर्षाला किती टक्के वाढ मिळाली? तुमच्या प्रकल्पाचं भविष्य सांगणारा यापेक्षा जवळचा पुरावा नाही. तेव्हाही कुठलातरी रस्ता येणारच होता.

आता भाडं. २१,००० महिना म्हणजे वर्षाला २,५२,०००. हा आकडाही पडताळता येतो, कारण लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरार) महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो आणि तो ई-सर्चमध्ये दिसतो. समोरच्या फ्लॅटचा मेंटेनन्स ३,००० महिना आणि मिळकत कर वर्षाला १२,००० धरला तर हाती राहतात २,०४,०००, म्हणजे ५९.७१ लाखांवर ३.४ टक्के. नव्या घराला २३,००० भाडं येईल असं उदारपणे धरू, मेंटेनन्स ४,०००, तोच कर. हाती २,१६,०००, आणि ७९.४६ लाखांवर २.७ टक्के. कर्जाचा दर साडेआठ टक्के असेल तर मधले पावणेसहा टक्के दर वर्षी किंमतवाढीतूनच निघायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी. राहायला घर घेणाऱ्याने फक्त याच हिशेबावर निर्णय घ्यावा असं नाही. मालकीला काही किंमत असतेच, दर अकरा महिन्यांनी नवा करार करावा लागत नाही यालाही असते. पण भाडं हा आजच्या गरजेचा भाव आहे, त्यात उद्याची आशा मिसळलेली नसते. भाडं आणि किंमत यांच्यात जितकं अंतर, तितकी किमतीत आशा जास्त.

रिंगरोडबद्दल. आधी विचारा, कोणता रिंगरोड? पुण्याभोवती एमएसआरडीसीचा (राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा) बाहेरचा वेगळा आणि पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) आतला वेगळा. सेल्सच्या नकाशावर दोन्ही एकाच जाड रेघेत येतात. तो गटाच्या जवळून जातो की गटातूनच, चढायला इंटरचेंज किती लांब, हे बघा. इंटरचेंज आठ किलोमीटरवर असेल तर तुमच्या वाट्याला रस्त्याचा फायदा कमी आणि आवाज पूर्ण.

आणि वेळ. नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर ते पेंधर मार्गाचं काम २०११ साली सुरू झालं आणि प्रवासी गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, पहिलं प्रवासी उड्डाण डिसेंबर २०२५ मध्ये. खारघर, तळोजा, उलवे, पनवेल इथे या दोन नावांवर एवढ्या वर्षांत किती फ्लॅट विकले गेले असतील! प्रकल्प झाले, हे खरंच. पण ज्याने पहिल्याच वर्षी त्यांची पूर्ण किंमत मोजली त्याचे पैसे मधली दहा-पंधरा वर्षं बिनव्याजी बसले. हिशेबात मांडायचं तर असं: रस्ता झाल्यावर घराची किंमत ८ लाखांनी वाढेल असं मानलं, तर मधल्या वर्षांचं साडेआठ टक्क्यांनी व्याज वजा केल्यावर, तो तीन वर्षांत झाल्यास त्या वाढीची आजची किंमत सव्वासहा लाख, दहा वर्षांत झाल्यास साडेतीन लाख. आणि होईलच याची खात्री नाही, तेवढं अजून कमी. बारा लाख कुठल्याच रीतीने निघत नाहीत.

पाणी याच्या उलट आहे, ते आजच मोजता येतं. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ मध्ये २३. हद्दीत आलं म्हणून नळाला पाणी आलं असं होत नाही, मिळकत कर मात्र येतो. बिल्डरला विचारू नका, तो 'कॉर्पोरेशनचं कनेक्शन प्रोसेसमध्ये आहे' म्हणेल. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा आणि वार्षिक हिशेबातली टँकरची ओळ मागा. बहुतेक लोक आनंदाने दाखवतात, कारण त्यांचाही राग तिथेच साठलेला असतो. सकाळी सातला गेटवर उभं राहिलात तरी कळेल. समजा टँकरपायी घरटी महिन्याला ९०० रुपये पडतात. वर्षाला १०,८००. आठ टक्क्यांनी एवढं व्याज द्यायला जी रक्कम लागेल ती १,३५,००० रुपये. फ्लॅटच्या किमतीतून सरळ तेवढे वजा करा. ही किंमत दोन्ही इमारतींना लागू आहे म्हणून वरच्या तुलनेत मी घेतली नाही, पण दुसऱ्या भागातल्या फ्लॅटशी ताडून बघायची वेळ आली की घ्यावीच लागेल. सांडपाणी, कचरा, गेटपर्यंतच्या रस्त्याची रुंदी, तो रस्ता ताब्यात आहे की शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरच आहे, यालाही हीच रीत.

कोणी म्हणेल, बँकेने प्रकल्पाला मंजुरी दिली म्हणजे भाव योग्यच. नाही. बँकेची मंजुरी मुख्यतः जमिनीच्या कागदांची आणि परवानग्यांची असते. मूल्यांकन होतं तेही कर्ज वसूल होईल का एवढ्यापुरतं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. भाव दहा टक्के चढा असला तरी बँक त्या २० टक्क्यांच्या आड सुरक्षित असते. ते २० टक्के तुमचे असतात.

नवं घेऊच नका असं मी म्हणत नाही. नळाचं पाणी आलेलं असेल, भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेल्या इमारतीत राहायची परवानगी) मिळालेलं असेल आणि सगळं धरून समोरच्या जुन्या घरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत महाग असेल, तर मी स्वतः नवंच सुचवेन. याच भागात पूर्ण झालेल्या प्रकल्पांतले न विकलेले फ्लॅट शोधा. भोगवटा मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी लागत नाही, तुमच्या किमतीला ते ३,४०,००० झाले. भाडं आणि हप्ता एकदम भरायची वेळ येत नाही, आणि भिंतीला ओल येते की नाही ते एक पावसाळा सरलेला असल्याने डोळ्यांनी दिसतं. घरच्यांना 'नवं' हवंय ते बहुधा यातही बसेल.

हाच फ्लॅट हवा असेल तर भाव किती मागायचा? रास्त एकूण किंमत ७९.४६ वजा नऊ ते बारा, म्हणजे साडेसदुसष्ट ते साडेसत्तर लाख. त्यातून चार्जेस, शुल्क, जीएसटी मागे काढले की ॲग्रीमेंट ५७ ते ६० लाखांचं येतं. ६८ वरून ६० ला या म्हटलं तर समोरचा मान हलवेल. याचं एक कारण असंही असतं की कमी भावाचा दस्त नोंदवला की तो इंडेक्स टूमध्ये सगळ्यांना दिसतो, आधी घेतलेले लोक भांडायला येतात. म्हणून बिल्डर दर न उतरवता दुसरीकडून देतो: स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून, मॉड्युलर किचन, पार्किंग, दोन वर्षांचा मेंटेनन्स, ताब्यापर्यंतचे हप्ते आम्ही भरू. घ्या, पण प्रत्येक गोष्ट रुपयांत लिहा. स्टॅम्प ड्युटीचे ४,७६,००० खरे आहेत. किचनचे 'तीन लाख' बाजारात दीड लाखात होत असतील तर दीडच धरा. हप्ते भरू म्हणणाऱ्या योजनेत कर्ज तुमच्या नावावर असतं आणि त्याने भरायचं थांबवलं तर बँक तुमच्याकडे येते, तिला मी शून्य धरतो. सगळ्याची बेरीज ८-९ लाखांच्या वर गेली तर पुढे बोला.

रविवारच्या टोकनाचं. रजिस्टर ॲग्रीमेंट झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन दिलंत तर लगेच अलॉटमेंट लेटर मागा. महारेराच्या नमुन्याप्रमाणे ते मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापायचं नाही, त्यानंतर दिवसांप्रमाणे १ ते २ टक्क्यांपर्यंत. ६८ लाखांवर २ टक्के म्हणजे १,३६,०००. सेल्सवाला छापील 'बुकिंग फॉर्म' पुढे करून सही मागेल, त्यात टोकन परत मिळणार नाही असं एक कलम असतं. तो फॉर्म घरी आणून वाचा. एक तारखेला भाव वाढलाच तर तो बहुतेक स्क्वेअर फुटाला शंभर रुपयांनी, सेलेबलवर. तुमच्या फ्लॅटला १,०२,००० झाले. नऊ लाख कमी करून घ्यायला वेळ हवा असेल, तर एवढा धोका पत्करायला हरकत नाही.